केडगावचा धडा आणि रांजणगावचा निधी

दिवाळी सरली की मांडवगण फराट्याच्या शिवारात फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जामखेडकडून आलेली माणसे घेतलेली उचल फेडण्यासाठी चार-पाच महिने तिथेच संसार मांडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुलांची गणती त्या हिशेबात कुठेच नसते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा गावाकडे पटावरच्या नावापुरती उरते. उसात बिबट्याचा वावर आहे आणि कोपीला दार नाही. भीमा आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर शिरूर-दौंडचा हा पट्टा बागायती झाला, त्या बागायतीच्या अगदी बांधावर हे जगणे आहे. याच पट्ट्यात वीटभट्ट्यांवर राबणारी कुटुंबे आहेत. गावाबाहेरच्या पारधी वस्त्या आहेत. १९५२ साली गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने पुसला गेला, तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी त्यांच्याकडेच वळते. वंचित वस्ती शोधायला इथून लांब जावे लागत नाही. अशा वस्त्यांत वर्षानुवर्षे टिकून काम करणाऱ्या संस्था मात्र मोजक्याच असतात. त्यांतल्या काही ख्रिस्ती आहेत आणि त्यांना निधी देण्याचा विषय निघाला की आपला समाज अवघडतो.

अवघडण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे: धर्मांतर. ‘मिशन’ हा शब्द ऐकला की देणाऱ्याचा हात आखडतो. सरकारी अधिकाऱ्याला वाटते, कशाला वाद. कंपनीच्या सामाजिक निधीची समिती म्हणते, शौचालये बांधू, शाळेला संगणक देऊ, त्यात कोणाची हरकत नसते. या लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. वंचित वस्तीत काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांना सार्वजनिक आणि स्थानिक निधी इतर कोणत्याही संस्थेसारखाच, त्याच कसोट्यांवर मिळायला हवा. ज्यांना धर्मांतराची खरोखर काळजी वाटते, त्यांनी तर हा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. कारण अट घालण्याचा आणि हिशेब मागण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला मिळतो. जो हात मागे घेतो, त्याचा तो अधिकारही जातो. हे म्हणणे पटवून देण्यासाठी परदेशातले दाखले शोधावे लागत नाहीत. मांडवगणहून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरले की केडगाव लागते, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास हा या प्रश्नाचा सव्वाशे वर्षांपूर्वीच झालेला प्रयोग आहे.

हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवांच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. या मंडळाने विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे वचन दिले. आजच्या भाषेत हे दहा वर्षांचे मुदतबंद अनुदान होते आणि त्याला एक स्पष्ट अट होती: शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती होणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा राहील. देणारे स्वतः ख्रिस्ती होते, तेही वेगवेगळ्या पंथांचे, आणि तरी त्यांनीच ही अट घातली होती. इकडे सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. परदेशी ख्रिस्ती पैसा, हिंदू सुधारकांची देखरेख आणि ब्राह्मण घरांतल्या विधवा असे तिहेरी जमलेले ते काम होते. काही वर्षे ते चालले, हीच मोठी गोष्ट आहे.

मग १८९३ साल आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली तिथे येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची धार धरली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू घेणारे आणि त्यांना दोष देणारे आजही भांडतात. माझ्या मते दोन्ही बाजूंना काही खरे सापडेल: अल्पवयीन, आश्रित मुलींच्या बाबतीत उघडे दारसुद्धा एक प्रकारचे आमंत्रण असते, आणि स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंना होताच. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते राजीनाम्यानंतर काय झाले. सल्लागार मंडळाच्या हातात एकच साधन होते, ते म्हणजे निघून जाणे. पैसा बोस्टनहून येत होता आणि नियमही तिथलेच होते. पुण्याच्या सभ्य समाजाने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला तो पाठ फिरवून. ज्या क्षणी ही मंडळी उठून गेली, त्या क्षणी शारदा सदनातल्या उरलेल्या मुलींच्या वतीने प्रश्न विचारणारे पुण्यात कोणी उरले नाही.

दहा वर्षांची मुदत संपत आली तसे रमाबाईंना पुढच्या खर्चाची चिंता लागली. शेतीच्या उत्पन्नावर संस्था चालावी म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती आणि तिथे फळझाडे लावली होती. अनुदान संपल्यावर काय, हा विचार इतका आधी करणारी संस्थाचालक आजही विरळाच. पण बाग हाती येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व त्याहून वाईट माणसांनी गाठलेल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. १८९८ मध्ये बोस्टनचे जुने मंडळ विसर्जित होऊन नवे उभे राहिले, तेव्हा धार्मिक तटस्थतेची जुनी अटही गेली. पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास केडगावला जवळजवळ दोन हजार जीव एका छपराखाली होते. अनाथ मुली, विधवा, फसवल्या गेलेल्या स्त्रिया, अंध, वृद्ध अशा सर्वांसाठी वेगवेगळी सदने झाली. विणकाम, शेती, छापखाना मुली चालवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते त्याच छापखान्यात छापले गेले. १९२२ मध्ये त्या वारल्या. संस्था आजही चालू आहे. हा खर्च मुख्यतः इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या भाविकांनी उचलला. त्यांनी तो ख्रिस्ती म्हणून दिला आणि ख्रिस्ती कामासाठीच दिला. मुक्ती मिशन उघडपणे धार्मिक झाले, यात नवल ते काय? तटस्थतेची अट घालणारा दाता गेला होता आणि देखरेख करणारे स्थानिक तर पाच वर्षांपूर्वीच गेले होते.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. १८९३ मध्येच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्यासाठी कर्वे दारोदार फिरले, एकेक रुपया मागितला, समाजाच्या शिव्या खाल्ल्या, पण समाजाने हळूहळू दिले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. शारदा सदनात घडलेली एक विद्यार्थिनी या साऱ्या कामाच्या मुळाशी होती. एकाच झाडाच्या दोन फांद्यांपैकी एकीला पुण्या-मुंबईचा पैसा मिळाला, दुसरीला परदेशाचा. आणि ज्या दिशेने पाणी मिळाले त्या दिशेने ती वाढली. संस्थेचा स्वभाव तिच्या संस्थापकाच्या श्रद्धेने घडतो हे खरे, पण तिला कोण जगवतो यानेही तो घडतो. केडगावचा धडा म्हणतो तो हाच.

निधी देताना संस्थेचा धर्म पाहू नये, काम पाहावे, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आणली, तेव्हा तिचे तत्त्व हेच होते: तपासनीस शाळेतले सर्वसामान्य शिक्षण तपासेल, धर्मशिक्षणात डोके घालणार नाही. त्या पद्धतीचा लाभ मिशनऱ्यांच्या शाळांनी घेतला आणि पुढे हिंदू, पारशी, मुसलमान समाजांच्या संस्थांनीही घेतला. महाराष्ट्रातले खासगी शिक्षण याच अनुदानावर पसरले. आपल्या राज्यघटनेने ते तत्त्व अधिक नेमके केले. अनुच्छेद ३० सांगतो की, शिक्षणसंस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे म्हणून अनुदानात भेदभाव करता येणार नाही. अनुच्छेद २८ सांगतो की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला लावता येणार नाही. १८९३ मध्ये पुण्यात ज्या उघड्या दारावरून इतका गहजब झाला, त्याचे उत्तर घटनेत आहे. आणि गंमत नव्हे, गांभीर्याने लक्षात घेण्याची बाब अशी की हे संरक्षण अनुदानाशी जोडलेले आहे. ज्या वसतिगृहाला ना मान्यता, ना सरकारी अनुदान, त्यातल्या मुलाला या अनुच्छेदाची ढाल उरत नाही.

सरकारी निधी हे नावडत्या माणसाला वठणीवर आणण्याचे हत्यार झाले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९४८ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांच्या टीकेने नाराज झालेल्या मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान रोखले होते. संस्था बहुजनांची होती, तिच्यामागे लोक उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. त्या काळात मार बसला तो खेड्यातल्या पोरांना. ख्रिस्ती संस्थांच्या मागे तसे लोकमत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत. म्हणून त्यांच्याबाबत नियमाने वागण्याची जबाबदारी देणाऱ्यांवर जास्त आहे.

निधी कामावर दिला तर काय उगवते, याचे उत्तर उसतोडीला येणाऱ्या माणसांच्या गावांकडेच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक अल्पशिक्षित किंवा निरक्षर, अनेक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला, म्हणजे सगळ्या गावाला तिथे पाण्याला यावे लागेल. १९७१ च्या सुमारास त्या भागातला बालमृत्यूदर हजारी १७६ होता, दोन-अडीच दशकांत तो तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेची कल्पना जगभर अभ्यासली गेली. या कामामागे ख्रिस्ती श्रद्धा होती, आरोळ्यांनी ती कधी लपवली नाही. त्याला परदेशी मदतही लागली. पण त्या मदतीचा मोबदला म्हणून जामखेडच्या कोणा बाईला गळ्यातले मंगळसूत्र किंवा घरातला देव काढावा लागला नाही. श्रद्धा कामाची प्रेरणा असू शकते आणि तरीही कामाची अट नसू शकते. निधी देणाऱ्याने तपासायची गोष्ट हीच आहे.

आता पैशाच्या वाटा पाहू. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ चा, तो २०१० मध्ये नव्याने केला गेला आणि २०२० मध्ये अधिक कडक झाला. परदेशी देणगी आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच स्वीकारता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मुख्य म्हणजे, एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. शेवटची तरतूद दिसायला किरकोळ आहे, पण तिचा घाव सर्वांत खोल आहे. दिल्ली-मुंबईतली मोठी संस्था परदेशी निधी मिळवायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची, ही साखळी तुटली. पारधी वस्तीत चार पगारी माणसांवर चालणाऱ्या संस्थेला स्वतःचा परदेशी निधीचा परवाना, सनदी लेखापाल, दिल्लीतले खाते हे सांभाळणे कसे जमणार? २०२१ च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारीत ते पुन्हा दिले गेले. इतक्या मोठ्या नावाची ही गत, तर लहानांचे काय. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी देणगी मिळणे हा काही मूलभूत हक्क नाही, देशात दात्यांची वाण नाही, असे न्यायालयाच्या म्हणण्याचे सार होते. हा निकाल मी मान्य करतो. परदेशी पैशावर देशाने लक्ष ठेवावे, यात गैर नाही. पण मग देशातल्या दात्याने दार उघडे ठेवले पाहिजे. बाहेरचे दार कायद्याने अरुंद करायचे आणि आतले दार संशयाने बंद ठेवायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

आतले दार शिरूर-दौंडला तर अगदी हाताशी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. रांजणगावला मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांची वसाहत आहे, कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची. साखर कारखान्यांचा पट्टा तर हा आहेच. संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, आयकर खात्याच्या नोंदण्या आणि कंपनी मंत्रालयाकडची नोंद असली की तिला हा निधी देता येतो. संस्था कोणत्या धर्माच्या माणसांनी चालवली आहे, हा रकाना त्या अर्जात नाही. तो रकाना देणाऱ्याच्या मनात असतो आणि तो तिथून काढायला हवा.

यावर पहिला आक्षेप येईल तो अर्थातच आमिषाचा. भुकेल्याला भाकरी देणारा हात त्याच्या श्रद्धेवर दबाव आणतोच, असे म्हटले जाते. आक्षेप खोटा नाही, दबाव येऊ शकतो. उपाशी मुलाच्या संमतीला किती किंमत द्यायची, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अन्नछत्राला लागू आहे. पण आमिषाच्या बोलण्यात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे भौतिक फायद्याचाच हिशेब करायचा तर कायद्याने धर्मांतराला आधीच मोठा दंड लावून ठेवला आहे. शिष्यवृत्ती, राखीव जागा, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण यावर पाणी सोडून कोणी एका गोणीभर धान्यासाठी धर्म बदलतो, असे म्हणणे त्या माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे. आणि तरीही जबरदस्ती, फसवणूक होत असेल तर ती शोधायला तपासणी लागते. तपासणी तिथेच होते जिथे पैसा आणि नोंदणी असते. अमेरिकेने १९९६ च्या कल्याण कायद्यात धार्मिक संस्थांना सरकारी निधीसाठी अर्ज करू दिला, पण त्या पैशातून पूजा, धर्मशिक्षण, प्रचार यांना मनाई केली, आणि लाभार्थ्याला धार्मिक संस्था नको असेल तर दुसरी सोय देण्याचे बंधन सरकारवर घातले. अटी अशा लिहाव्या लागतात, आणि मग दरवर्षी त्या पाळल्या की नाही ते पाहावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे: हे काम सरकारचे, ते सरकारनेच करावे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले, टनामागे कारखान्यांकडून निधी घेण्याचे ठरले, वसतिगृहांची योजना आली. हे सगळे हवेच. पण फडावरच्या मुलाला रोज संध्याकाळी शिकवायला कोण येणार, बाळंतपणाला कोपीतून दवाखान्यात कोण नेणार, पारधी पोराच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये सहा खेपा कोण घालणार? शासनाची योजना आणि कोपी यांच्यामध्ये एक माणूस लागतो आणि तो माणूस बहुधा एखाद्या संस्थेचा असतो. जर्मनीत कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्था रुग्णालये, वृद्धाश्रम, बालवाड्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैशावर चालवतात आणि म्हणून तिथले राज्य धार्मिक झाले, असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे तर रामकृष्ण मिशनपासून वक्फच्या दवाखान्यांपर्यंत धर्मप्रेरित सेवेची रीत जुनी आहे. करदात्याचा पैसा धर्माच्या प्रसाराला जाऊ नये, असे अनुच्छेद २७ चे तत्त्व आहे. क्षयरोग्याला गोळ्या देणे हा कोणत्याही धर्माचा प्रसार होत नाही, गोळ्या देणारा रविवारी चर्चमध्ये जात असला तरी.

तिसरी बाब ख्रिस्ती संस्थांना ऐकवायची आहे, आणि ती ऐकवल्याशिवाय हा युक्तिवाद अर्धा राहील. मिशनच्या जुन्या जमिनी, बंगले, दवाखान्यांच्या जागा यांचे व्यवहार, विश्वस्तांची भांडणे, वर्षानुवर्षे रेंगाळणारे फेरफार अर्ज हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचे उघडे दुखणे आहे. मराठी ख्रिस्ती माणूसच त्यावर सर्वांत जास्त हळहळतो. ज्या संस्थेला आपल्या मालमत्तेचा हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे नीट मांडता येत नाही, तिने अल्पसंख्याक असल्याचे कारण पुढे करून निधी मागू नये. इंग्लंडच्या चर्चने १९८५ मध्ये शहरांतल्या गरीब वस्त्यांवर अहवाल काढला तेव्हा बोट सरकारकडे दाखवले, पण १९८७ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून गरीब वस्त्यांसाठी ‘चर्च अर्बन फंड’ही उभा केला. इथल्या चर्चनेही आपल्या भाड्याच्या उत्पन्नातला हिस्सा वंचित वस्तीसाठी उघडपणे बाजूला काढावा, मग दुसऱ्यापुढे हात पसरावा. आणखी एक: काही संस्थांना सार्वजनिक पैशासोबत येणारी प्रार्थनेवरची मर्यादा मान्य नसेल. तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी मग भाविकांच्या देणगीवर चालावे, पण मुलांची निवासी संस्था असेल तर बालन्याय कायद्याखालची नोंदणी आणि तपासणी त्यांनाही चुकणार नाही.

व्यवहारात हे कसे दिसेल, ते अवघड नाही. निधी देणाऱ्याने संस्थेबरोबर मराठीत करार करावा. सेवा कोणालाही, धर्म-जात न पाहता. प्रार्थना किंवा धर्मशिक्षण असलेच तर ते निधीतून नाही, सेवेच्या वेळेत नाही आणि पालकाच्या लेखी संमतीशिवाय नाही. वर्षाचा जमाखर्च गावाच्या चावडीवर लावायचा. देखरेख समितीत वस्तीतली दोन माणसे हवीत, त्यांतली एक बाई. १८९३ च्या समितीत शिकलेले, मोठे लोक होते, पण ज्यांच्यासाठी सदन होते त्यांच्यापैकी कोणी नव्हते, आणि समितीला राजीनाम्याखेरीज दुसरा मार्ग सुचला नाही, याचे एक कारण तेही असावे. निधी एका वर्षाचा नको. कोपीतल्या मुलाचा विश्वास मिळवायला एक हंगाम जातो, टिकवायला दुसरा. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे दिली होती, रांजणगावच्या कंपनीने निदान पाच द्यावीत. आणि हेच सगळे नियम गणेश मंडळाच्या न्यासाला, मदरशाला, बौद्ध विहाराच्या वाचनालयालाही तसेच लागू असावेत, एका अक्षराचा फरक न करता.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा गाड्या भरून माणसे येतील. त्याआधी पावसाळ्यातल्या ग्रामसभेत मांडवगण फराट्याच्या आणि भोवतालच्या गावांनी एक ठराव करावा: आमच्या शिवारात येणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांसाठी कोणतीही नोंदणीकृत संस्था, कोणत्याही धर्माच्या माणसांची, वरील अटी लेखी मान्य करून काम करायला तयार असेल तर गाव तिला जागा देईल. तो ठराव घेऊन रांजणगाव आणि कुरकुंभच्या कंपन्यांकडे जावे आणि पाच वर्षांचा निधी मागावा. ख्रिस्ती संस्थेने अर्ज केला तर तिचा अर्ज वाचावा, हिशेब तपासावेत, आणि ती कसोटीला उतरली तर तिला पैसे द्यावेत.